बालवाङ्मयातील मुक्या आजीबाई

मराठीत मुलांसाठी निघणाऱ्या पुस्तकांतून आजीबाईंना तोटा नाही; तोटा आहे तो लक्षात राहणाऱ्या आजीबाईंचा. पांढरे लुगडे, नाकावर घसरलेला चष्मा, हातात लाडवांचा डबा आणि तोंडी एक बोधवचन, एवढे सामान जमविले की आजी सिद्ध झाली, असे आमच्या लेखकांना वाटते. ही आजी कोठे जात नाही, कोणाशी भांडत नाही, चुकत तर मुळीच नाही. पुस्तक मिटताच मुलांनी तिला विसरावे यात नवल ते काय?

याउलट भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी पाहा. (तिला नातवंडे होती की नाही हे गोष्ट सांगत नाही, पण आमच्या मते ती आजीच होय.) जाताना वाघाला वायदा करून ती निसटते, लेकीकडे खाऊनपिऊन धष्टपुष्ट होते आणि येताना त्याला चकवू पाहते. पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये छापलेल्या लाल टोपीवालीच्या गोष्टीत आजी अंथरुणातच लांडग्याच्या पोटात जाते. आमच्या कित्येक घरांतील मुलांना हल्ली हीच आजी आधी भेटते, हे आम्हांस खटकते.

कोणी म्हणेल, आजीचे काम गोष्ट सांगण्याचे, गोष्टीत शिरण्याचे नव्हे. ठीक, पण सांगणारीला तरी आम्ही कोठे मान दिला? मेरी फ्रिअर यांचे 'ओल्ड डेक्कन डेज' १८६८ मध्ये निघाले. त्यातील गोष्टी ॲना लिबराता डिसूझा या त्यांच्या आयेने सांगितल्या, आणि तिला त्या आजीकडून लाभल्या होत्या. मेरीबाईंनी ॲनाची हकीकतही पुस्तकात घातली. तीत ती आजी आहे. बंगालात दक्षिणारंजन मित्र मजुमदारांनी १९०७ मध्ये आपल्या संग्रहाला नावच 'ठाकुरमार झुली', म्हणजे आजीची झोळी, असे दिले.

गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाड्याच्या मुलाची तक्रार याहून मोठी आहे. त्या भागातील आजी रोवणीच्या दिवसांत चिखलात उभी राहते, उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचते आणि झाडीबोलीत अगर पोवारीत बोलते. वाघाचे रानही तेथे केवळ कल्पना नव्हे. नागझिरा त्याच जिल्ह्यात आहे. इतके असून ही आजी छापील पुस्तकात जवळजवळ नाहीच. बोलीतील शब्द मुलांना कळणार नाहीत, ही सबब आम्हांस लटकी वाटते. १९३५ मध्ये निघालेली 'श्यामची आई' वाचताना झाडीपट्टीतील मुलांनी कोकणचे अंगण, कोकणचे शब्द निमूट समजून घेतले. मग 'बोडी' म्हणजे लहान तळे आणि 'बांधी' म्हणजे धानाचे शेत, एवढे पुण्याच्या मुलाला उमजू नये? हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा कोशही करून ठेवला आहे; अडल्यास लेखकांनी तो उघडावा.