विश्लेषण : ‘माइनक्राफ्ट’चे ठोकळे बीडच्या ग्रामसभेत का हवेत?

मोबाइलवर ठोकळे रचत बसलेल्या मुलाला ‘आता पुस्तक घे’ म्हणून दटावणे घरोघरी चालते. पण याच ठोकळ्यांच्या खेळातून जगात अनेक ठिकाणी मुलांनी आपली मैदाने, बागा आणि रस्ते कसे असावेत हे प्रशासनाला दाखवून दिले आहे. बीड जिल्ह्याला तर याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. त्याचे कारण ऊसतोडीच्या वेळापत्रकात दडलेले आहे.

हा खेळ नेमका काय?

स्वीडनमधील मोयांग या कंपनीचा ‘माइनक्राफ्ट’ २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. २०२३ पर्यंत या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. खेळातील जग माती, दगड, लाकूड, पाणी अशा चौकोनी ठोकळ्यांचे असते. ‘क्रिएटिव्ह’ प्रकारात शत्रू मारायचे नसतात. हवे तितके ठोकळे घ्यायचे आणि बांधायचे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर असे धरले जाते. त्यामुळे खरी जागा टेपने मोजून ती जशीच्या तशी खेळात उभी करता येते. डेन्मार्कच्या सरकारी नकाशा विभागाने २०१४ मध्ये अख्खा देश याच मापात बांधून लोकांसाठी खुला केला होता.

खेळातून खरे काम झाले आहे का?

झाले आहे. मोयांग आणि संयुक्त राष्ट्रांची वस्ती व शहरे पाहणारी ‘यूएन-हॅबिटॅट’ ही संस्था यांनी २०१२ मध्ये ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम सुरू केला. पद्धत साधी आहे. रहिवाशांनी आधी जागेवर फिरायचे, मग गटागटाने एकेका संगणकावर त्या जागेचा नवा आराखडा बांधायचा आणि शेवटी तो अधिकाऱ्यांपुढे मांडायचा. नैरोबीतील किबेरा या झोपडवस्तीत मैदानाचे काम यातून पुढे गेले. हनोईच्या कडेच्या किम चुंग भागात किशोरवयीन मुलींनी ये-जा करताना भीती वाटणाऱ्या जागा बांधून दाखवल्या आणि तिथे काय बदलायला हवे तेही सुचवले. भारतात मुंबईपर्यंत हा उपक्रम पोहोचला. कागदावरचा नकाशा अनेकांना वाचता येत नाही. पण उभे केलेले गाव सगळ्यांनाच कळते. बैठकीत एरवी गप्प बसणारे लोक यामुळे बोलते होतात, हे या पद्धतीचे खरे बळ आहे.

मग बीडच का?

बीडमधून दरवर्षी लाखो ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि गाळप संपल्यावर परततात. अनेकांची मुलेही सोबत जातात. ग्रामपंचायतीचा ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखडा तयार करण्याची मोहीम मात्र साधारण २ ऑक्टोबरपासून पुढच्या काही महिन्यांत चालते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या वेळीही ही कुटुंबे फडावरच असतात. म्हणजे गावात पाणी, शाळा, शौचालय, दिवे यांची ज्यांना सर्वाधिक गरज, तेच निर्णयाच्या वेळी गैरहजर.

इथे ठोकळ्यांचे गाव कामाला येऊ शकते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुले शाळेत असताना त्यांनी आपली वस्ती मोजून बांधावी. हातपंप कुठे हवा, कोणत्या वळणावर अंधार असतो, शाळेच्या पटांगणात पाणी कुठे तुंबते हे त्यात दाखवावे. मुले फडावर गेली तरी ही फाइल गावातच राहते आणि ग्रामसभेत पडद्यावर दाखवता येते. हजेरीची जागा ती घेऊ शकणार नाही. मात्र ‘कोणी मागणीच केली नाही’ हे उत्तर देणे मग अवघड होईल.

धोका कुठे आहे?

सर्वांत मोठा धोका पाण्याचा आहे. या खेळात दोन बाय दोनचा खड्डा खणून समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली पाणी ओतले की पाणी कधीच संपत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातील मुलांना यावर हसूच येईल. शिवाय क्रिएटिव्ह प्रकारात सिमेंटला पैसे लागत नाहीत आणि मजुरीही द्यावी लागत नाही. असा आराखडा ग्रामसभेत नेला तर तो हसण्यावारी जाईल. म्हणून नियम शिक्षकांनीच घालून द्यायला हवेत. बादल्या मोजक्या असाव्यात, प्रत्येक ठोकळ्याला किंमत लावावी आणि एकूण खर्चाची मर्यादा आधीच ठरवावी. अशा वेळी बाग आधी की पाण्याची टाकी, यावर मुले भांडतील. ग्रामपंचायतीत मोठी माणसेही याच प्रश्नावर भांडतात.

सुरुवात कुठून करता येईल?

बीड शहराजवळच्या खजाना विहिरीपासून. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात सलाबतखानाने बांधलेली ही विहीर भुयारी मार्गाने पाणी शेतापर्यंत नेण्याच्या व्यवस्थेसाठी ओळखली जाते. गोल विहीर चौकोनी ठोकळ्यांत बांधायची तर त्रिज्या मोजावी लागते, पायऱ्यापायऱ्यांची कड हिशेबाने वळवावी लागते. पाणी उताराने कसे नेले, हेही शोधावे लागते. भूमिती, इतिहास आणि जलव्यवस्थापन असे तीन विषय एकाच कामात शिकून होतात.

खर्चाचे काय?

‘माइनक्राफ्ट’ विकत घ्यावा लागतो. पण त्याच धर्तीचा, पूर्वी ‘माइनटेस्ट’ म्हणून ओळखला जाणारा ‘लुआंटी’ हा मंच मोफत आहे. तो अँड्रॉइड फोनवर आणि जुन्या संगणकावरही चालतो. पाच-सहा मुलांच्या गटाला एक संगणक पुरे. मोजमाप टेपने आणि पहिला आराखडा चौकटीच्या वहीत झाला, तर पडद्यासमोरचा वेळही आटोक्यात राहतो.

पैशांपेक्षा तयारीचा प्रश्न मोठा आहे. मुलांकडून आराखडा करून घ्यायचा, टाळ्या वाजवायच्या आणि फोटो काढून विसरून जायचे, असे होणार असेल तर हा उद्योग न केलेलाच बरा. मुलांनी मांडलेल्या मागण्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवल्या जाव्यात. त्यातली निदान एक पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घ्यावी; बाकीच्या का घेतल्या नाहीत, हे मुलांना सांगावे. गाळप संपवून परतलेल्या मुलीला आपण दाखवलेल्या वळणावर दिवा लागलेला दिसला, तर पुढच्या वर्षी वस्ती मोजायला टेप घेऊन तीच सर्वांत पुढे असेल.