दिवाळीआधीचे चार आठवडे

नवरात्र तोंडावर आले की कामगार पुरवणाऱ्या ठेकेदारांचे निरोप फिरू लागतात. बेळगाव-निपाणीकडच्या एखाद्या घरातला बारावी झालेला मुलगा बॅग भरतो. ‘इलेक्ट्रॉनिक सिटीत काम लागलं,’ असे त्याने सांगताच आईच्या डोळ्यांपुढे संगणक उभा राहतो. प्रत्यक्षात काम असते ट्रकमध्ये खोकी चढवण्याचे.

आईचा गैरसमज स्वाभाविक आहे. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या महामंडळाने १९७८ मध्ये ३३२ एकरांवर ही वसाहत उभारली आणि ती गाजली संगणकामुळेच. पण त्याच होसूर रस्त्याला बोम्मसंद्र, अत्तिबेलेपर्यंत कारखाने आणि गोदामेही आहेत. २०१४ मध्ये फ्लिपकार्टने सणासुदीचा मोठा ऑनलाइन सेल सुरू केला. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा कर वाचवण्यासाठी राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवण्याचे कारण उरले नाही आणि अवाढव्य गोदामांचे दिवस आले. सणात तिथे हात हवे असतात. सण सरला की नको असतात.

काम वरवर सोपे दिसते. पट्ट्यावरून येणारे खोके घ्यायचे, त्यावरचा बारकोड वाचून घ्यायचा, पिनकोडप्रमाणे लावायचे आणि ट्रकच्या आतल्या टोकापासून भिंत रचावी तसे रचत यायचे. जड खाली, हलके वर. बंद ट्रकच्या पोटात उकाडा असतो आणि पट्टा कुणासाठी थांबत नाही. नवख्याची कंबर पहिल्या आठवड्यातच बोलू लागते. म्हणून जुने कामगार सांगतात ते ऐकावे: कमरेतून वाकू नये, गुडघे वाकवून बसावे, खोके पोटाशी धरून उठावे. वळताना कंबर न पिळता पाय वळवावेत. पाणी पीत राहावे, चप्पल घालून कामाला उभे राहू नये.

शरीराइतकेच कागदांनाही जपायला हवे. काम देण्यासाठी पैसे मागणाऱ्या ठेकेदाराला दुरूनच नमस्कार करावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार नियुक्तिपत्र मिळणे हा हक्क आहे. जादा तासांची मजुरी दुप्पट दराने मिळायला हवी. ठेकेदाराने पगार बुडवलाच, तर तो देण्याची जबाबदारी ज्याच्याकडे काम केले त्या मूळ मालकावर येते. मात्र त्यासाठी पुरावा लागतो. रोजची हजेरी आणि तास वहीत लिहून ठेवावेत, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्यावा.

महाराष्ट्राला हे नवे नाही. पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. हमालाची नोंदणी मंडळाकडे आणि मजुरीही मंडळामार्फत, अशी सोय झाली. मालक बदलला तरी हमालाचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी बुडत नाही. तो कायदा होसूर रस्त्यावर लागू नाही; तिथे मुलाने स्वतःच सावध राहायचे असते.

या कामात कमीपणा मुळीच नाही. पहिल्या कमाईतून आईला साडी घेणाऱ्या मुलाचा अभिमानच वाटावा. पण घरच्यांनी फोनवर ‘पगार किती झाला?’ एवढेच विचारू नये. ‘जेवलास का, झोप होते का, कंबर दुखत नाही ना?’ हेही विचारावे. काम चार आठवड्यांचे असते. पाठ मात्र आयुष्यभर पुरवायची असते.