पानावरचा डाग ओळखतो, मग अंगातला ताप का नाही?

कंदर, वाशिंबे, केत्तूर या भागात कुणाच्या बागेत गेलो की चहा येण्याआधी पिशवीतले पान हातात येते. "साहेब, हा करपाच का दुसरं काही?" पान उलटून बघायचे, बुंधा बघायचा, पाणी किती दिले ते विचारायचे आणि मगच औषधाचे नाव काढायचे, ही सवय आता तुम्हालाही लागली आहे. पण त्याच घरात ओसरीवर कुणी तीन दिवस तापाने पडलेला असतो. काय झालंय म्हणून विचारावे तर उत्तर मिळते, "ताप हाय. सुई मारून आलो, एक सलाईन पण लावलं." ताप कशाचा, हे त्याला कुणी सांगितलेले नसते आणि त्यानेही विचारलेले नसते.

मी डॉक्टर नाही, शेतीची पदविका घेतलेला विस्तार अधिकारी आहे. तरी आधी कारण, मग निदान आणि शेवटी औषध हा क्रम पिकाला आणि माणसाला सारखाच लागू आहे, एवढे मला पक्के ठाऊक आहे.

पुण्याने दिलेला धडा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात माणसांचे हातपाय एकाएकी लुळे पडू लागले. गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस हे नाव तेव्हा घरोघर पोहोचले. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. पहिल्या संशयित मृत्यूची नोंद आपल्या सोलापुरात झाली; तो रुग्ण पुण्याहून आला होता.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आधी दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जंतू जातो आणि जुलाब होतात. मग एक ते तीन आठवड्यांनी, त्या जंतूशी लढणारी शरीराची शक्तीच चुकून स्वतःच्या नसांवर उलटते. राखणीचा कुत्रा घरधन्यालाच चावावा, तसे होते. पुण्यातील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. पायाला मुंग्या येणे, जिना चढता न येणे आणि अशक्तपणा खालून वर सरकणे ही त्याची लक्षणे. वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचले तर इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने देतात किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलतात. बहुतेक रुग्ण बरे होतात, मात्र पुन्हा नीट चालायला काही महिने लागू शकतात.

मग याचा उजनीशी काय संबंध? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. जीबीएस नदीतून वाहत आला, असे मला म्हणायचे नाही. पण मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की काय होते, ते पुण्याने दाखवून दिले आणि आपण त्याच नद्यांच्या खालच्या अंगाला राहतो. सुमारे ११७ टीएमसीचे धरण दारात असूनही काठच्या कित्येक वाड्यावस्त्यांवर शुद्ध केलेले पाणी नळाला येत नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी गत आहे.

ताप एक, कारणे अनेक

डाळिंबाची मर बघा. झाड वाळते, हे झाले लक्षण. पण ती मर बुरशीची असते, खोडाला बारीक छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्याची असते, नाहीतर मुळावरच्या सूत्रकृमीची असते. तिघांचे औषध वेगळे. तापाचेही तसेच आहे.

विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, दूषित पाण्यातून येतो आणि ताप दिवसेंदिवस चढत जातो. खात्रीचे निदान रक्ताच्या कल्चर तपासणीने होते. नुसत्या एका विडाल चाचणीवर भरवसा ठेवू नये. कल्चरचे रक्त अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी घ्यावे लागते. खत टाकल्यावर मातीचा नमुना घेऊन उपयोग नाही, त्यातलीच ही गोष्ट.

कावीळही बऱ्याचदा पाण्यातून येते. हिपॅटायटिस ए आणि ई हे तिचे विषाणू. त्यांना अँटिबायोटिक लागू पडत नाही आणि ई प्रकार गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो. अशा वेळी गंडादोरा आणि झाडपाल्यात दिवस घालवू नयेत.

लेप्टोस्पायरोसिस हा तर शेतकऱ्याचाच रोग. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून जंतू ओल्या मातीत उतरतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात शिरतो. रात्रपाळीला अनवाणी उसाला पाणी देणाऱ्याला ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना "मी उसात पाणी धरतो" हे न विचारता सांगा. लवकर ओळखला तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडावर जातो. पायात गमबूट घालणे हे सगळ्यात स्वस्त औषध.

डेंग्यूचा डास धरणाच्या फुगवट्यात होत नाही. नळाला चार दिवसांनी पाणी येते म्हणून भरून ठेवलेल्या आपल्या बॅरलमध्ये तो होतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम तपासणी करतात. यात ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आठवड्यातून एक दिवस भांडी घासून कोरडी करा, म्हणजे अळीचा डास होणार नाही.

सलाईन म्हणजे ताकद नव्हे

सुईने ताप उतरतो, रोग उतरतोच असे नाही. सलाईन म्हणजे मुख्यतः मीठपाणी. जुलाबाचा रुग्ण गळून गेला, तोंडाने पाणी ठरत नसेल, तर ते जीव वाचवते. एरवी क्षारसंजीवनी, म्हणजे ओआरएस पुरते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून चारच्या खाली आणले. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. सहा महिन्यांवरील मुलाला त्याबरोबर झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस देतात.

अँटिबायोटिकचा डोस दोन दिवसांत अर्ध्यावर सोडू नका आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. एकच औषध पुन्हा पुन्हा फवारले की कीड त्याला दाद देत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे!

ग्रामपंचायतीने काय करावे?

सरपंच, ग्रामसेवक आणि जलसुरक्षक यांना एक विनंती. टीसीएल पावडरचे पोते ओलीत उघडे पडले की त्यातला क्लोरीन उडून जातो, उरते ती चुनखडी. चांगली पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते, गढूळ पाण्याला जास्त. ती बादलीत कालवून, साका खाली बसल्यावर वरची निवळी टाकीत सोडावी आणि किमान अर्धा तास थांबून मगच पाणी सोडावे. ओटी चाचणी टाकीपाशी नको, शेवटच्या घराच्या नळाला करा. तिथे पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन पोहोचला. तो निदान ०.२ पीपीएम हवा. पाणी स्रोताला लाल कार्ड मिळाले असेल तर ते दप्तरात न ठेवता चावडीवर लावा. गळकी पाइपलाइन गटारातून जात असेल तर वरून कितीही पावडर टाका, खाली घाण शिरणारच.

धरणाचे पाणी थेट पिणाऱ्या वस्त्यांनी ते खळखळ उकळून घ्यावे, त्याने जंतू मरतात. पण काठाला हिरवा तवंग आला असेल तर ते पाणी उकळूनही पिऊ नये. त्या शेवाळाचे विष उकळण्याने जात नाही. जनावरांनाही तिथे पाजू नये.

तापाबरोबर धाप लागली, लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, रक्त पडले, माणूस गुंगीत गेला किंवा जुलाबानंतर पाय लुळे पडू लागले, तर गावात थांबू नका. १०८ ला फोन करा.

मैलापाणी वरच अडवावे ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण ते होईपर्यंत आपला नळ आणि आपली तपासणी आपल्याच हातात आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की सुई घेण्याआधी एवढेच विचारा, "डॉक्टर, ताप कशाचा आहे?" पानासाठी मला विचारता ना, अगदी तसेच.