मुखवटा ओढला आणि मुंडकंच हातात आलं

मागच्या शनिवारी माझ्या हातून एक पाप घडलं. ताई आणि भाऊजी एका लग्नाला गेले होते आणि सात वर्षांची भाची माझ्या ताब्यात. बाहेर पाऊस, हातात मॅगीच्या वाट्या, समोर लॅपटॉप. म्हटलं, चल तुला माझ्या लहानपणीचं कार्टून दाखवतो. स्कूबी-डू.

तिने आधीच खुंटा हलवून बघितला. "मामा, भुताचं आहे का?"

"आहे, पण भूत खोटं असतं गं. शेवटी मुखवटा निघतो आणि आत कुणीतरी टकलू काका असतो. प्रॉमिस."

आणि लावला कुठला? 'स्कूबी-डू ऑन झॉम्बी आयलंड', १९९८ सालचा. पोस्टर बरं दिसलं म्हणून. मी स्वतः तो कधी पाहिलेलाच नव्हता. अर्ध्या वाटेत लुईझियानातल्या दलदलीतून एक झॉम्बी वर येतो, फ्रेड नेहमीच्या आत्मविश्वासाने त्याचा मुखवटा ओढतो... आणि आख्खं मुंडकंच त्याच्या हातात येतं. खरं मुंडकं. भाचीने माझ्याकडे वळून जे पाहिलं ना, ते झॉम्बीपेक्षा भयंकर होतं. "तू प्रॉमिस केलं होतंस."

त्या रात्री दिवा चालू, बाथरूमचं दार उघडं, आणि मी जमिनीवर चटई टाकून पहारा देतोय. झोप येत नव्हती, मग विचार करत बसलो. त्याचं फलित म्हणजे आजची ही पोस्ट.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चार पोरं (फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा, शॅगी), एक बोलणारा ग्रेट डेन कुत्रा आणि 'मिस्ट्री मशीन' नावाची रंगीबेरंगी व्हॅन. पहिला भाग १३ सप्टेंबर १९६९ ला अमेरिकेत सीबीएसवर लागला. त्याआधी तिकडे शनिवार सकाळच्या कार्टून्समध्ये फार मारामारी असते म्हणून पालकांनी ओरड केली होती. म्हणून चॅनलला काहीतरी सौम्य हवं होतं. जो रूबी आणि केन स्पिअर्स यांनी ही पोरं रचली, पण पहिला मसुदा चॅनलच्या साहेबांना जास्तच भीतिदायक वाटला. मग कुत्र्याला पुढे आणलं आणि विनोद वाढवला.

कुत्र्याची गोष्ट तर मस्तच आहे. चित्रकार इवाओ ताकामोटो यांनी ऑफिसातल्या एका बाईंना विचारलं, बक्षीसपात्र ग्रेट डेन कसा असतो? पाठ सरळ, पाय सरळ. सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं उलटं काढलं. पोक असलेली पाठ, फेंगडे पाय. बरं, हा कुत्रा स्वभावाने पण उलटाच. टोळीत सगळ्यात जास्त घाबरणार तोच (शॅगीशी टाय). माझ्या मते मालिकेची निम्मी ताकद इथे आहे. घाबरट असूनही तपासात असणं. स्कूबी कधी शूर होत नाही. बिस्किटाची लाच घेऊन थरथरत आत जातो, एवढंच.

आता माझा मुद्दा. लोक म्हणतात स्कूबी-डू शिकवतं की भुतं नसतात. कार्ल सेगन यांनीसुद्धा १९९५ च्या 'द डेमन-हॉन्टेड वर्ल्ड' या पुस्तकात, मोठ्यांसाठी असं काहीतरी कुणी काढलं तर ती समाजसेवा होईल, अशा अर्थाचं लिहिलंय. त्यांना सलाम, पण मला वाटतं मालिका त्याहून धारदार काहीतरी करते. भूत आहे की नाही हा प्रश्न तिथे दुय्यम आहे. खरा प्रश्न हा, की लोक घाबरले तर फायदा कोणाचा?

पहिल्याच भागात म्युझियममध्ये काळा सरदार चिलखत घालून फिरतो, आणि निघतो कोण? तिथलाच क्युरेटर. खरी चित्रं लंपास करून नकली लावतोय. १९७० च्या एका भागात सायलस लाँग नावाच्या वेअरवुल्फचं (माणसाचा लांडगा होतो तो प्रकार) भूत थडग्यातून उठून बोंबलत फिरतं, आणि तिकडे मेंढ्या गायब होतायत. आता लांडग्याच्या भुताला मेंढ्या लागतात कशाला? भुताला पोट असतं का? लांडग्याच्या कातड्यात अर्थातच मेंढीचोर.

ही आयडिया काही नवी नाही म्हणा. 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' १९०१-०२ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः आली. तिथला पेटत्या जबड्याचा नरकातला कुत्रा म्हणजे लंडनहून विकत आणलेलं जनावर आणि तोंडाला चोपडलेला फॉस्फरस. स्टेपलटनला इस्टेट हवी होती. म्हातारे सर चार्ल्स मात्र भीतीनेच गेले. कुत्र्याला चावायचीही गरज पडली नाही.

आमच्या आजोळी कोकणात पण असंच एक जनावर होतं. कलमांच्या बागेत रात्री दिसायचं. पांढरं, वासराएवढं, आवाज न करता चालणारं. आम्ही भावंडांनी तपासाची जय्यत तयारी केली. बॅटरी, काठी आणि आमचा मोत्या. मोत्या बागेच्या गडग्यापर्यंत आला आणि खाली बसला तो बसलाच. आम्हीही परत फिरलो. (मोत्याच्या तब्येतीसाठी!) आजोबांना सांगितलं तर ते अडकित्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "हापूस उतरायच्या पंधरा दिवस आधीच कसं रे दिसतं ते? पावसाळ्यात कुठे जातं?" बस. एवढंच. वेल्माने चष्मा सावरून याहून वेगळं काय विचारलं असतं?

हाच प्रश्न आता ऑफिसात उपयोगी पडतो. आमच्याकडे एक जॉब दर मंगळवारी पहाटे तीनला मरायचा. 'सर्व्हरला भूत लागलंय' म्हणत टीमने तीन महिने काढले. शेवटी कुणीतरी विचारलं, तीन वाजता अजून कोण जागं असतं? दुसऱ्या टीमचा बॅकअप!

आणि म्हणून 'झॉम्बी आयलंड'वर माझा राग आहे. फक्त भाची रडली म्हणून नाही. सिनेमा म्हणून तो चांगला आहे, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. (ती झोपल्यावर उरलेला पाहिला. हो, इयरफोन लावून, आणि हो, मागे वळून बघत.) त्यात टोळी मुखवट्यांना कंटाळून पांगलेली आहे, डॅफ्नीला टीव्हीसाठी खरं भूत हवंय. ट्विस्टही हुशार. झॉम्बी बिचारे सावध करायला आलेले असतात आणि गोड बोलून पाहुणचार करणाऱ्या बायकाच मांजरराक्षसी निघतात. म्हणजे 'फायदा कोणाचा' हा प्रश्न तिथेही जिवंत आहे. पण एकदा भूत खरं म्हटलं की त्या प्रश्नाला किंमत राहत नाही. शापाला कारण लागत नाही. मेंढ्या गेल्या? भुताने नेल्या. विषय संपला. मेंढीचोराला याहून चांगली बातमी कोणती? मोठ्यांना नवीन काहीतरी म्हणून हे ठीक. पण सात वर्षांच्या पोरीच्या हातात जे एक हत्यार होतं ते काढून घेतलंत राव.

असो. रविवारी सकाळी तहाची बोलणी झाली. अटी अशा की भाग मी आधी एकट्याने पाहायचा, आणि दोन चॉकलेटं. सायलस लाँगचा भाग लावला. थडगं उघडलं तेव्हा ती उशीमागे. लांडगा ओरडला तेव्हा माझ्यामागे. मग मेंढ्या हरवल्याचं कळलं आणि उशीमागून आवाज आला, "मामा, त्या मेंढ्यांचे पैसे मिळतात का?"

"मिळतात की."

"कोणाला?"

मी काही बोललो नाही. मॅगी टाकायला उठलो. रात्री ताई न्यायला आली तेव्हा बाईसाहेब जिन्यात थांबून तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटच्या दाराकडे बघत होत्या. आमच्या सोसायटीत तो फ्लॅट बदनाम आहे, कुणी भाड्याने घेत नाही. "मामा," ती म्हणाली, "इथे भूत आहे असं पहिल्यांदा कोण म्हणालं?"

घरी जाऊन दिवा लावूनच झोपली म्हणे. ताईचा फोन आला होता, मला शिव्या द्यायला.