मनगटावरील परिग्रह

व्यापारी घराण्यातील तरुणाने पहिले किमती घड्याळ घेतले की घरात दोन सूर उमटतात. तरुणाला त्यात कष्टांचे चीज झालेले दिसते, तर वडीलधाऱ्यांना ती उधळपट्टी वाटते. सुज्ञ वाचकहो, हा प्रश्न आपल्या अनेक घरांत येतो. म्हणून त्याचा शांतपणे विचार व्हावा.

वडीलधाऱ्या पिढीचे घड्याळ म्हणजे एचएमटी. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे त्याचे उत्पादन सुरू झाले. परीक्षेत यश मिळाले किंवा लग्न ठरले की ‘जनता’सारखे चावीचे घड्याळ मनगटावर येई, आणि ते वर्षानुवर्षे टिके. पुढे क्वार्ट्झ घड्याळे आली. त्यांतील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यामुळे काही शे रुपयांचे घड्याळही लाखांच्या यांत्रिक घड्याळापेक्षा अचूक वेळ दाखवू लागले. तेव्हा केवळ वेळ पाहण्यासाठी किमती घड्याळाची गरज उरलेली नाही, हे आधी मान्य केले पाहिजे.

मग त्यात विकत घ्यायचे ते काय? मानवी हातांचे कसब. स्वयंचलित घड्याळात हाताच्या हालचालीने एक अर्धवर्तुळाकार वजन फिरते आणि मुख्य स्प्रिंगला पीळ बसतो. अनेक उत्तम यंत्रे तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० ठोके. एवढे करूनही प्रमाणित स्विस क्रोनोमीटरची सरासरी चूक दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या मर्यादेत राहते. रात्री ते कानाशी धरून ऐकण्यात, सेकंदकाट्याची संथ चाल न्याहाळण्यात निर्मळ आनंद आहे. तो चारचौघांत मिरवण्याचा नसून एकट्याने अनुभवण्याचा आहे.

परंतु आपण यवतमाळ जिल्ह्यात राहतो. वणी, पांढरकवडा, दारव्हा, दिग्रस येथील आपल्या अनेक पेढ्यांचा पाया कापसावर उभा आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या हिशेबाने २,४३,३०० रुपयांचे घड्याळ म्हणजे ३० क्विंटल कापूस. कोरडवाहू शेतकऱ्याला एवढा कापूस पिकवण्यास किती एकर आणि किती रात्री लागतात, हे त्याचा माल मोजून घेणाऱ्या आपल्याला सांगावे लागत नाही. या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःखही पाहिले आहे. काट्यावर उभा असलेला शेतकरी वजन पाहतो, तसेच व्यापाऱ्याचे मनगटही पाहतो.

म्हणून घड्याळ घेऊच नये, असे नाही. त्याआधी एक कसोटी लावावी: शेतकऱ्यांचे चुकारे झाले का? हमालांचा आणि मुनीमजींचा हिशेब पूर्ण झाला का? ज्याच्या मनगटावर मूल्यवान घड्याळ आहे आणि ज्याचा चुकारा मात्र महिनाभर रखडला आहे, त्याला ते घड्याळ शोभत नाही. उलट ज्याची पेढी वेळेची पक्की आहे, त्याच्या हातातील घड्याळाचा कोणी हेवा केला तरी त्याला कोणी नावे ठेवणार नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. घड्याळ पेढीच्या भांडवलातून किंवा हप्त्यांवर न घेता स्वतःच्या बचतीतून घ्यावे. नागपूर, पुणे वा मुंबई येथील अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल व हमीपत्र घ्यावे. दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने देऊ नये. दहा लाखांवरील घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का कर गोळा करतो, त्याचा हिशेब विवरणपत्रात घ्यावा. काही वर्षांनी यंत्राची साफसफाई व तेलपाणी लागते; तो खर्चही आधीच धरावा. चुंबकाजवळ ठेवल्यास घड्याळाची चाल बिघडते, म्हणून स्पीकर व चुंबकी झाकणापासून ते दूर ठेवावे.

पट्ट्याकडे विशेष लक्ष द्यावे. किमती घड्याळांना पुष्कळदा वासराच्या किंवा मगरीच्या कातड्याचा पट्टा असतो. आपल्या घरात तो नको. पोलादी साखळी, रबर किंवा कापडी पट्टा मागून घ्यावा.

परिग्रह-परिमाण व्रतात श्रावक आपल्या संग्रहाची मर्यादा स्वतः ठरवतो. पहिल्या घड्याळाचा आनंद जुना होण्याआधीच दुसऱ्याचे वेध लागतात. ती मर्यादा तेथेच कामी येते. एकच घ्यावे, मनापासून वापरावे आणि पुढे मुलाच्या हाती द्यावे. आणि ४८ मिनिटांच्या सामायिकाला बसताना ते काढून बाजूला ठेवता आले, तर ते आपल्या मालकीचे आहे, आपण त्याच्या मालकीचे नाही, एवढे निश्चित समजावे.