गुत्ता कोणीं उघडला?

दारूच्या दुकानापुढें दंगा झाला कीं, दोष कोणाचा हें ठरविण्यास आपल्या समाजास क्षणाचाहि विलंब लागत नाहीं. प्यालेला मनुष्य रस्त्यांत पडलेला असतो. तो दिसतो, आणि त्याला नांवें ठेवणें सोपें असतें. परंतु ज्यानें दुकानास जागा भाड्यानें दिली, ज्यानें परवाना दिला, ज्यानें परवान्याच्या उत्पन्नावर अंदाजपत्रक जुळविलें आणि ज्यानें मजुरीचा दिवस व दुकानाची वेळ यांची गांठ पडूं दिली, ते सर्व आपापल्या घरीं शुद्धीवर असतात. म्हणूनच ते कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. हा न्याय कितपत खरा आहे हें पाहण्यासाठीं आम्ही आज वाचकांपुढें एका परक्या गांवची हकीकत ठेवतों. दुसऱ्याच्या घरचें पाहतांना राग कमी येतो व डोळे अधिक उघडे राहतात.

तो गांव म्हणजे इंग्लंडांतील लँकेशायर परगण्याचें प्रेस्टन शहर. लँकेशायरच्या कापडाची ओळख आमच्या व्यापारी वाचकांस नव्यानें करून द्यावयास नको. 1831 सालीं प्रेस्टनची वस्ती सुमारें 33 हजार होती. वीस वर्षांत ती दुपटीहून अधिक झाली. खेड्यांतून आलेल्या माणसांस गिरण्यांत काम मिळालें, परंतु राहावयास मिळाली ती ओलसर, अंधारी खोली. अशा माणसास गल्लीच्या तोंडचें 'पब्लिक हाउस' म्हणजे काय होतें? तेथें शेगडी पेटलेली असे, दिवा लावलेला असे, बसावयास बाक असे, गाणें-बजावणें असे. आजारपणासाठीं व उत्तरक्रियेसाठीं पैसा सांठविणाऱ्या मजुरांच्या मंडळ्या तेथेंच भरत. आणि पुष्कळ ठिकाणीं खोलीचें भाडें रोख न देतां सभासदांनीं मद्य पिऊनच तें फेडावें असा प्रघात होता! संकटासाठीं पैसा सांठविण्यास जावें आणि सांठवितांना संकट विकत घ्यावें, असा हा व्यवहार. निवडणूक आली कीं उमेदवारांच्या खर्चानें पेले भरले जात. 1832 पूर्वीं प्रेस्टनचा मताधिकार इंग्लंडांतील इतर बहुतेक शहरांहून विस्तृत होता, म्हणून पाजावयाचीं तोंडेंहि अधिक होतीं. सर्वांत वाईट म्हणजे मजुरीची चाल. अनेक धंद्यांत मुकादम शनिवारीं रात्रीं मजुरी वांटी ती मद्यालयांतच. मोड देणारा मद्यालयवाला, उधारी लिहिणाराहि तोच. अशा स्थितींत मजुरी घराच्या उंबरठ्यापर्यंत किती पोंचत असेल याचा हिशेब वाचकांनींच करावा.

या आगींत तेल ओतलें तें कायद्यानें, आणि तेंहि सद्धेतूनें. पूर्वीं मद्यालय चालविण्यास मॅजिस्ट्रेटांचा परवाना लागे. त्यांत वशिला चाले व मोठ्या मद्यकारखानदारांची मक्तेदारी माजली होती. जिन या जहाल दारूपासून लोकांस सोडवावें, बिअर स्वस्त करावी व मक्ता मोडावा, अशा विचारानें पार्लमेंटनें 1830 सालीं बिअरवरील कर उठविला. आणि कर भरणाऱ्या कोणाहि गृहस्थानें दोन गिनी भरून आपल्या घरांत बिअर विकावी, मॅजिस्ट्रेटास विचारण्याचें कारण नाहीं, असें ठरविलें. व्यापार खुला झाला म्हणजे सर्व कांहीं सुधारतें, ही त्या वेळची श्रद्धा. परिणाम काय झाला? पहिल्या सहा महिन्यांतच देशांत 24 हजारांवर नवे परवाने निघाले. तळघरांत, माजघरांत, गिरणीच्या फाटकासमोर दुकानें झालीं. जिन गेली नाहींच; तिच्या जोडीला बिअर आली. या कायद्याचे पुरस्कर्ते पाद्री सिडने स्मिथ यांनाहि थोड्याच दिवसांत आपला सूर बदलावा लागला. प्रेस्टनच्या तुरुंगाचे धर्मोपदेशक जॉन क्ले हे 1858 पर्यंत तेथें होते. त्यांनीं वर्षानुवर्षें कैद्यांच्या तोंडून हकीकती ऐकून आपल्या अहवालांत हीं बिअरचीं दुकानें व गुन्हे यांचा संबंध उघड करून दाखविला. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींतील ज्या दंगेखोर मद्यालयांच्या गोष्टी आज लोक गमतीनें सांगतात, तीं अशा रीतीनें जन्मास आलीं. मजुराच्या अंगांत एकाएकीं पिशाच्च शिरलें नव्हतें. त्याच्या वाटेवर दार उघडून ठेवलें होतें.

याच गांवांत त्याचा प्रतिकारहि सुरू झाला, आणि तो करणारा कोणी मोठा अधिकारी नव्हता, व्यापारी होता. जोसेफ लिव्हसी लहानपणींच पोरका झाला. तळघरांतील मागावर विणतां विणतां तो वाचावयास शिकला. आणि पुढें चीजच्या व्यापारांत त्यानें जम बसविला. 1831 सालीं चीजचा एक सौदा पुरा करतांना रिवाजाप्रमाणें त्याच्यापुढें व्हिस्कीचा पेला आला. तो त्यानें घेतला, आणि मग त्याच्या मनास टोंचणी लागली. मजुरांस उपदेश करण्यापूर्वीं त्यानें आपला पेला खालीं ठेवला, ही गोष्ट आम्हांस त्याच्या सर्व व्याख्यानांहून मोठी वाटते. पुढील वर्षीं, 1 सप्टेंबर 1832 रोजीं, प्रेस्टनच्या सात जणांनीं सर्व प्रकारची मादक पेयें वर्ज्य करण्याची लेखी प्रतिज्ञा केली. सभा भरली ती जुन्या 'कॉकपिट'मध्यें, म्हणजे जेथें पूर्वीं कोंबड्यांच्या झुंजी व पैजा चालत त्या इमारतींत. लिव्हसी नुसता पापपुण्य सांगत बसला नाहीं. बिअरमधील मद्यार्क काढून तो सभेंत पेटवून दाखवी, आणि एका पेनीच्या पावांत जितकें पोषण आहे तितकें गॅलनभर बिअरमध्यें नाहीं, हें व्यापाऱ्याच्या हिशेबानें पटवून देई. उतरावयास दारूविरहित जागा हवी म्हणून त्यानें उपाहारगृहहि काढलें.

परंतु येथें थांबून आम्हीं वाचकांची फसवणूक करूं नये. प्रतिज्ञेनें मद्यालय शांत झालें नाहीं. त्या देशांत बिअरचा दरडोई खप 1876 च्या सुमारास शिखरास पोंचला. वर्षास माणशीं सुमारें 34 गॅलन! म्हणजे प्रेस्टनच्या प्रतिज्ञेनंतर चव्वेचाळीस वर्षें. उपदेशास बळ आलें तें दाराच्या कड्या एकामागून एक लावल्या गेल्या तेव्हां. खाणमजुरांची मजुरी मद्यालयांत वांटण्यास 1842 सालीं बंदी झाली. इतर कामगारांस मात्र हा न्याय 1883 पर्यंत मिळाला नाहीं. 1869 सालीं बिअरचीं दुकानें पुन्हां मॅजिस्ट्रेटांच्या परवान्याखालीं आलीं. 1872 सालीं दुकानें बंद करण्याच्या वेळांस नवी शिस्त लागली. 1883 सालींच पार्लमेंटच्या निवडणुकीचीं कचेरीं मद्यालयांत थाटण्यास मनाई झाली. आणि कायद्याइतकेंच काम दुसऱ्या एका गोष्टीनें केलें: मजुरास जावयास दुसरी जागा मिळाली. 1850 च्या कायद्यानें कापडगिरण्यांत स्त्रियांचें व अल्पवयीनांचें काम शनिवारीं दुपारीं दोन वाजतां थांबूं लागलें. अमेरिकेतील युद्धामुळें कापूस येईना व गिरण्या बंद पडल्या, त्या वेळीं प्रेस्टनमध्यें बेकार मजुरांस काम देऊन बागा तयार करण्यांत आल्या. वाचनालयें निघालीं, स्वस्त आगगाड्या समुद्रकांठीं नेऊं लागल्या, चहा स्वस्त झाला, चेंडूचा खेळ वाढला. लोक चांगले झाले म्हणून गुत्ता शांत झाला, हें अर्धेंच सत्य. गुत्त्यावांचून चालेल अशी व्यवस्था झाली म्हणून लोकांस चांगलें होतां आलें, हें उरलेलें अर्धें.

आतां घरचा विचार करूं. महात्मा जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतां त्यांनीं 1880 सालीं शहरांत वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठविला. पिणाऱ्यास शिव्या देऊन ते स्वस्थ बसले नाहींत. दुकानें वाढूं देणाऱ्यांस त्यांनीं जाब विचारला. इंग्लंडांतील सुधारकांनीं 1853 सालीं मँचेस्टरला संस्था स्थापून एकच मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालविली: आपल्या वस्तींत दुकान असावें कीं नसावें हें तेथील रहिवाशांनीं मतानें ठरवावें. स्कॉटलंडास तो अधिकार 1913 च्या कायद्यानें मिळाला. इंग्लंडास कधींच मिळाला नाहीं. तोच अधिकार आज महाराष्ट्रांतील स्त्रियांच्या हातीं आहे, आणि 'आडवी बाटली'स मत देऊन अनेक गांवच्या बायाबापड्यांनीं तो बजावूनहि दाखविला आहे. मतदानाच्या दिवशीं त्यांच्या विरुद्ध कोण उभें राहतें? पिणारे क्वचित्, दुकानापासून ज्यांस उत्पन्न आहे असे प्रतिष्ठित गृहस्थच पुष्कळदां!

म्हणून आमच्या व्यापारी व सुशिक्षित वाचकांस आमची विनंति थोडी आहे, पण ती पाळण्यास कठीण आहे. आपल्या माणसांची मजुरी कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळीं व कोणाच्या हातांत पडते याची चौकशी करा. आपला गाळा कोणास भाड्यानें दिला आहे हें एकदां पाहून या. निवडणुकींत आपल्या देणगीचें रूपांतर कशांत होतें हें विचारा. मजुराला संध्याकाळीं बसावयास उजेडाची एखादी जागा आपल्या पेठेंत आहे काय, हेंहि पाहा. लिव्हसीपुढें पेला आला तो सौद्याच्या मेजावर, गुत्त्यांत नव्हे. आपल्या मेजावर काय ठेवलेलें आहे हें ज्यानें त्यानें पाहावें, आणि मग रस्त्यांत पडलेल्या माणसास खुशाल बोल लावावा.