सॉलिड तापलंय!

'लासूर स्टेशन म्हणजे नक्की कुठे गं?' हा प्रश्न ऑफिसात मला प्रत्येक लाँग वीकेंडनंतर विचारला जातो. तर मंडळी, मनमाडहून निघालं की छत्रपती संभाजीनगरच्या आधी. (आमची आजी अजून औरंगाबादच म्हणते.) गाव आहे लासूर, पण रेल्वेभोवती जी बाजारपेठ उभी राहिली तिचं नावच पडलं लासूर स्टेशन. तिथे माझी मावशी राहते, आणि एप्रिलमध्ये तिथे जाणाऱ्याला वेडंच म्हणायला हवं.

मी गेले. हैदराबादहून ताईही आली होती. ताई म्हणजे मावसबहीण, एका प्रयोगशाळेत सॉलिड-स्टेट एनएमआरवर पोस्टडॉक करते. घरात सगळ्यांना वाटतं ती एमआरआय काढते. तसं फार चुकीचं नाही म्हणा, दोन्हीचा फंडा एकच: मोठं चुंबक आणि रेडिओलहरी. पण ताईचा चेहरा उतरलेला.

"माझं प्रोटीन शिजलं," ती म्हणाली.

"मग वाया गेलं का गं?" मावशीचा प्रश्न.

गेलंच होतं. तीन महिने बॅक्टेरिया वाढवून, महागडे आयसोटोप खाऊ घालून काढलेलं काही मिलिग्रॅम प्रोटीन. पेशीच्या पडद्यात बसणारं, त्यामुळे पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून सॉलिड-स्टेट. बोटभरही नसलेल्या, ३.२ मिलिमीटर जाडीच्या नळीत ते भरायचं, ५४.७ अंशांत तिरकं ठेवायचं आणि सेकंदाला दहा-पंधरा हजार गिरक्या द्यायच्या. नळीभोवती तांब्याच्या तारेची कॉइल. तिच्यातून शेकडो वॅटचे रेडिओ-पल्स.

इथेच गोची आहे. काम करतं ते कॉइलचं चुंबकीय क्षेत्र. पण कॉइलच्या दोन टोकांत प्रचंड व्होल्टेज असतं, आणि त्यामुळे फुकटात एक विद्युत क्षेत्रही नमुन्यातून जातं. त्याचा प्रयोगाला शून्य उपयोग. नमुन्यातलं पाणी आणि मिठाचे आयन मात्र ते हलवत बसतं. सरळ मायक्रोवेव्हच! आणि प्रोटीनला मीठ आणि पाणी तर हवंच, नाहीतर ते जसं पेशीत असतं तसं राहणार कसं? त्यात चुंबक जितकं मोठं, तितकी फ्रिक्वेन्सी जास्त, आणि तितकी ही कटकटही जास्त.

"अगं, पण थंड हवा सोडता ना?" मी हुशारी दाखवली.

"सोडतो. पण थर्मामीटर त्या हवेचं तापमान सांगतो. नळीच्या आत काय चाललंय ते नाही."

पॉवर कमी करा, पल्सच्या मध्ये जास्त विश्रांती द्या, हे उपाय आहेत. पण मग एक स्पेक्ट्रम मिळवायला आठवडा जातो, आणि मशीनचा वेळ तर मोजून मिळतो.

खरा उपाय कॉइलच्या आकारातच निघाला. २००५ मध्ये अमेरिकेत इलिनॉयचे चॅड रिएन्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी तारेचे वेढे सोडून तांब्याचा पत्रा गुंडाळला. सुरळीच्या वडीसारखा! अशा गुंडाळीचं इंडक्टन्स कमी, म्हणून व्होल्टेजही कमी. जे उरतं ते पत्र्याच्या दोन थरांमध्ये अडकतं, आतला नमुना वाचतो. दुसरी युक्ती फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या चुंबक प्रयोगशाळेची, पीटर गोरकोव्ह, विल्यम ब्रे आणि मंडळींची, २००७ च्या सुमाराची. तोवर एकच कॉइल हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन अशी सगळी कामं ओढायची. (ऑफिसातला असा एक माणूस तुम्हालाही माहीत असेल.) त्यांनी काम वाटून दिलं. हायड्रोजनची उंच फ्रिक्वेन्सी बाहेरच्या एका मोठ्या, एकाच वेढ्याच्या रेझोनेटरकडे, आणि खालच्या फ्रिक्वेन्सी आतल्या कॉइलकडे. जिथे जास्त तापायचं तिथलं विद्युत क्षेत्रच नमुन्यापासून लांब गेलं. याला म्हणतात 'लो-ई'. अशा प्रोब आज बाजारात मिळतात. स्वस्त नसतात, एवढंच.

आपल्याकडे हा विषय नवा आहे असं समजू नका. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये साध्या अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजनचे तीन वेगळे सिग्नल दिसले. तो शोधनिबंध आर्नोल्ड, पॅकार्ड आणि एस. एस. धर्माधट्टी नव्हे, धर्मत्ती यांचा. (आडनाव मी दोनदा चुकले, ताईने दोनदा सुधारलं.) पुढे याच धर्मत्तींनी मुंबईत टीआयएफआरमध्ये एनएमआरचं काम उभं केलं. त्यांचा नमुना द्रव होता, मिठाची भानगड नव्हती. ताई म्हणाली, "सुखी माणूस."

मावशीने तोवर माठातलं पाणी आणलं. लाइट गेलेली, पंखा बंद, ताई वहीत सुरळीच्या वडीचं चित्र काढून मला वेढे मोजायला लावत होती.

रविवारी रात्री ती स्टेशनवर हैदराबादच्या गाडीची वाट बघत उभी होती. बॅक्टेरिया पुन्हा वाढायला घालायचे होते. जूनमध्ये एका दुसऱ्या लॅबमध्ये लो-ई प्रोबवर तिला चार दिवस मिळालेत.

"या वेळी मीठ कमी टाकशील?" मी विचारलं.

"अजिबात नाही," ताई म्हणाली, आणि गाडीत चढली.